बिल्ला खुंटीवर राहिला होता

दर तीन महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बिल्लेमास्तर तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून बाहेर पडत. हातात लाकडी ट्रे, ट्रेमध्ये साठ खाचा आणि प्रत्येक खाचेशी पांढऱ्या रंगानं लिहिलेला आकडा. इस्पितळात जिथे जिथे क्ष-किरणांचं काम चाले, तिथे तिथे ते जात. प्रत्येकाकडून जुना बिल्ला घेत, नवा देत, आणि तो छातीशी नीट लागलेला बघूनच पुढे सरकत.

बिल्ला म्हणजे काडेपेटीएवढी चपटी डबी. आत फिल्मचा तुकडा. अंगावर किरण जितके पडतील तितकी ती फिल्म काळी होणार. तीन महिन्यांनी सगळे बिल्ले दूरच्या प्रयोगशाळेत जात आणि तिथून प्रत्येकाच्या क्रमांकापुढे आकडा येई: या माणसाच्या वाट्याला एवढी मात्रा आली. तो आकडा मास्तर जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत उतरवून घेत. अक्षर असं, की छापील वाटावं.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. प्रशासकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना बिल्लेमास्तर म्हणत, आणि बिल्ल्याला म्हणत चुगल्या.

"मास्तर, घोटाळा झाला. माझा चुगल्या बायकोनं शर्टाबरोबर धुतला," एखादा तंत्रज्ञ म्हणे.

"मग बायकोचं नाव सांगा. पुढच्या वेळेपासून तिच्या नावानं मागवतो. निदान ती सांभाळून तरी ठेवेल."

लोक हसत, पण त्यांना वचकूनही असत. एकदा हाडांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या पाठीशी मास्तरांनी किरणांचं मोजयंत्र धरलं, तर काटा हलला. आतल्या क्ष-किरण खोलीच्या भिंतीत नळ घालताना गवंड्यानं विटा फोडल्या होत्या आणि वरून नुसता गिलावा थापला होता. मास्तरांनी त्याच मिनिटाला खोलीला कुलूप लावलं. विभागप्रमुख आदळआपट करत आले. मास्तर किल्ली खिशात घालून जेवायला गेले. नऊ दिवस खोली बंद राहिली, भिंतीत शिशाचा पत्रा बसला, तेव्हाच कुलूप निघालं. आणि एकदा कर्करोगावर किरण देणाऱ्या कोबाल्टच्या यंत्राच्या खोलीत स्वतःचाच बिल्ला विसरून आले, तेव्हा नोंदवहीत लाल शाईनं आपलंच नाव लिहून पुढे 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

अशा माणसाची बहीण त्याच इस्पितळात परिचारिका होती. आई गेली तेव्हा मास्तर पंधरा वर्षांचे होते आणि ती चार वर्षांची. वडील कामाच्या पाळ्यांत अडकलेले. तिच्या वेण्या मास्तरांनी घातल्या, तिला पाढे मास्तरांनी शिकवले, तापात कपाळावर पट्ट्याही त्यांनीच ठेवल्या. घरात तिला धाकटी म्हणत. पुढे ती अडतीस वर्षांची झाली, डोक्यात दोन-चार पांढरे केस आले, तरी धाकटीच राहिली. लग्न तिनं केलं नाही. "माझा संसार चौथ्या मजल्यावर आहे," असं म्हणे.

चौथ्या मजल्यावर कॅथलॅब होती. मांडीतून किंवा हातातून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची आणि ती कुठे पोहोचली ते क्ष-किरणांच्या चालत्या चित्रात पडद्यावर बघायचं, असं तिथलं काम. बाकी ठिकाणी बटण दाबून माणूस भिंतीआड जातो. इथे आड जाता येत नाही, कारण नळी हातात असते. मोठे डॉक्टर रोग्याच्या बाजूला, आणि त्यांच्या डाव्या खांद्याला खांदा लावून धाकटी. ते हात पुढे करत आणि हवी ती नळी बोलायच्या आत हातात पडे. अंगावर शिशाचा एप्रन असायचा. तोंड आणि डोळे मात्र उघडे. म्हणून या खोलीतल्या लोकांनी बिल्ला एप्रनच्या बाहेर, गळ्याशी लावायचा, असा मास्तरांचा नियम होता. तोंडासमोर धरायला छतापासून लोंबणारी शिशाची जाड काच होती, पण तिचा दांडा ढिला झाला होता. ती सारखी डॉक्टरांच्या कोपराला लागायची, म्हणून कधीतरी उतरवून कोपऱ्यात टेकवून ठेवली ती तिथेच राहिली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या तिमाहीचं पत्र आलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरीनं पाकीट फोडलं. क्रमांक सत्तावीस, मात्रा चौदा. एरवी या खोलीत कुणाचा एक यायचा, कुणाचा दीड. दहाच्या वर गेलं की चौकशी, आणि चौकशीत मात्रा खरी ठरली की माणूस वर्षभर त्या कामावरून बाजूला. सत्तावीस म्हणजे धाकटी.

मास्तरांनी तिला काही सांगितलं नाही. आधी प्रयोगशाळेतून तिची फिल्म मागवून घेतली. बिल्ल्याच्या डबीत धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांची सावली फिल्मवर उमटते. बिल्ला खुंटीवर एका जागी टांगलेला राहिला तर सावलीच्या कडा धारदार येतात. माणसाच्या अंगावर असेल तर माणूस हलतो, वळतो, वाकतो, आणि कडा पसरतात. मास्तरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. कडा पसरलेल्या होत्या.

रविवारी सकाळी धाकटी घरी आली. मास्तरांची बायको जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरांनी पत्र धाकटीपुढे सरकवलं. तिनं वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

"पुढच्या महिन्यात मला खोलीची प्रमुख करतायत," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनी सही केलीय. हे कागद वर गेले तर मी कुठे जाणार, माहीत आहे? बाह्यरुग्ण विभागात, वजनं करायला."

"एक वर्षापुरतं."

"एक वर्षानं तिथे दुसरी असेल, दादा. अकरा वर्षं मी त्या खांद्याशी उभी राहिलेय."

"म्हणून तर चौदा आलेत."

"तू लिही ना, बिल्ला खोलीतच खुंटीवर राहिला होता म्हणून."

"राहिला होता का?"

"नव्हता. पण राहू शकला असता की! सगळ्यांचाच राहतो कधी ना कधी."

"फिल्मवर कडा पसरलेल्या आहेत."

"त्या तू बघितल्यास. आणखी कुणी बघितल्यात?"

घड्या घालता घालता त्यांची बायको म्हणाली, "अहो, आयुष्यभर त्या वहीला जपलंत. एकदा हिला जपा. ही काही त्या वहीपेक्षा परकी नाही."

"मी हिलाच जपतोय."

"वजनाच्या काट्याशी बसवून?" धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. लहानपणीही ती रडायची नाही, आवाज तेवढा फाटायचा. मास्तरांना तो आवाज सोसत नसे.

सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेच्या पत्रावर खुलाशाच्या रकान्यात लिहिलं: 'बिल्ला नजरचुकीने खोलीतील खुंटीवर राहिला होता. सदर मात्रा व्यक्तीची नव्हे.' खाली सही केली. प्रयोगशाळेनं त्यांची सही बघून, एक शब्द न विचारता, चौदाचा आकडा रद्द केला. नोंदवहीत त्या जागी शून्य आलं. तेही छापल्यासारखं.

त्या बदल्यात त्यांनी धाकटीकडून कबूल करून घेतलं होतं, की काच पुन्हा टांगून घ्यायची आणि जमेल तेव्हा दोन पावलं मागे राहायचं. "हो दादा, हो दादा," म्हणत ती प्रमुख झाली.

पुढच्या तिमाहीला क्रमांक सत्तावीस शून्य आला. त्याच्या पुढच्या तिमाहीलाही शून्य. त्या खोलीतल्या बाकीच्या तिघींचेही शून्य. प्रशासकांनी मास्तरांचं अभिनंदन केलं. मास्तरांना मात्र ठाऊक होतं, की कॅथलॅबमध्ये एक येतो, दीड येतो, शून्य येत नाही. ते जिना चढून वर गेले. खोलीत काम चालू होतं. बाहेरच्या टेबलाचा खण त्यांनी ओढला, तर आत कापसाच्या गुंडाळीशेजारी चारही बिल्ले ओळीनं ठेवलेले.

काम संपवून, एप्रन उतरवत धाकटी बाहेर आली. खण उघडा बघून थबकली.

"हे काय आहे?"

"दिसतंय ते."

"अगं, बिल्ला काढून ठेवलास म्हणून किरण लागायचे थांबतात का?"

"ते कळतं रे मला. पण पुन्हा चौदा आले, तर तू पुन्हा लिहिशील?"

मास्तरांना हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

"म्हणून," धाकटी म्हणाली आणि तिनं खण लोटला.

खरी चूक कोणती झाली, हा विचार मास्तरांच्या मनात पुढे अनेकदा येऊन गेला. सही करणं ही एक, आणि तो खण बंद होऊ देणं ही दुसरी. पहिली एका सोमवारी झाली. दुसरी दर तीन महिन्यांनी होत राहिली, आठ वर्षं. काच दुरुस्त व्हावी म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. पहिल्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्यावर आलं, 'विचाराधीन'. तिसऱ्या वेळी प्रशासकांनी त्यांना समोर बसवून त्यांचीच नोंदवही उघडली. "मास्तर, हे बघा. शून्य, शून्य, शून्य. सगळ्या इस्पितळात याहून सुरक्षित खोली नाही असं तुमचंच अक्षर सांगतंय. मग काच कशाला हवी?" मास्तर वही काखोटीला मारून परत आले.

सेहेचाळिसाव्या वर्षी धाकटीला दिव्याभोवती कडं दिसू लागलं. आधी तिनं चष्मा बदलला. मग उजेडात जाताना ती कपाळावर हात धरू लागली. जिन्याची शेवटची पायरी एकदा चुकली. आणि एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्यात भलत्याच मापाची नळी पडली. त्यांनी काही न बोलता ती परत दिली. त्याच आठवड्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र ते बोलले, आणि सगळ्यांसमोर बोलले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्रातून बघितलं. मास्तर शेजारी उभे होते.

"मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत," त्या म्हणाल्या. "पण वयाचा नाही. भिंगाच्या मागच्या अंगाला, बरोबर मधोमध धरलाय. तुम्ही किरणांजवळ काम करता का?"

"एकोणीस वर्षं," धाकटी म्हणाली.

"समोर काच असते?"

धाकटीनं भावाकडे बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होते.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात जंतुसंसर्ग झाला. महिनाभर औषधं घालून झाली, इंजेक्शनं झाली, पण डोळा गेला. उजव्याला त्यानंतर ती कुणाला हात लावू देईना. त्यातून धुरकट दिसायचं; माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. इस्पितळानं तिला कामास असमर्थ ठरवून घरी बसवलं. ती सामान घेऊन भावाकडे राहायला आली.

तिथे तिनं वहिनीकडून अर्ज लिहवून घेतला. मागणी एकच होती: डोळे या कामामुळे गेले, एवढं लिहून द्या.

"मिळणार काय त्यातून?" वहिनीनं विचारलं.

"मला काही नको. माझ्या जागी नवी मुलगी उभी केलीय. तिच्या डोळ्यांसाठी तरी काच टांगतील."

अर्ज तपासायला तिघांची समिती बसली: प्रशासक, इस्पितळातले एक वरिष्ठ डॉक्टर आणि बाहेरून बोलावलेले एक किरणतज्ज्ञ. समितीनं पहिली वस्तू मागवली ती मास्तरांची नोंदवही. मास्तर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, निवृत्तीला चार महिने उरले होते. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, "मी उद्या सगळं सांगून टाकणार आहे."

"काढून टाकतील तुम्हाला."

"टाकू देत."

"लोक तोंडावर थुंकतील. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलंत म्हणून."

"थुंकू देत गं. पण हिचं काम होईल."

धाकटी समोरच बसली होती. ती म्हणाली, "दादा, मीच लिहायला लावलं हेही सांग. अर्धवट सांगू नकोस."

मास्तरांनी अर्धवट सांगितलं नाही. समितीपुढे उभं राहून त्यांनी पानाचा क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, चौदाचा आकडा सांगितला. पसरलेल्या कडा सांगितल्या, खण सांगितला. "ही नोंद मी खोटी केली आहे," ते म्हणाले, "आणि त्यानंतरची शून्यं खोटी आहेत हे मला माहीत होतं."

मग किरणतज्ज्ञ हळूच म्हणाले, "मास्तर, बसा. पाणी घ्या."

"मी उभा बरा आहे."

"ती फिल्म कुठे आहे?"

"प्रयोगशाळेला परत पाठवली होती. मी विचारलं. पाच वर्षांनी फिल्म नष्ट करतात."

"आणि चौदा हा आकडा?"

"माझ्याच खुलाशावरून रद्द झाला. रद्द झालेला आकडा त्यांच्याकडे राहत नाही."

"त्या खोलीतल्या इतर परिचारिका?"

त्यांना आधीच विचारून झालं होतं. तिघींनीही सांगितलं होतं, आम्ही बिल्ला रोज लावतो. दुसरं काय सांगणार? खणाची गोष्ट कबूल केली असती तर त्याच दिवशी चौथा मजला सुटला असता. मोठ्या डॉक्टरांचं उत्तर एका ओळीचं होतं: अशी काही पद्धत माझ्या पाहण्यात नाही. डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं होतं, की असा मोतीबिंदू किरणांनी होतो, पण इतरही कारणांनी होऊ शकतो. खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं.

तज्ज्ञांनी वही पुढे ओढली आणि पानं चाळत राहिले. "मी दरवर्षी नव्या लोकांना शिकवतो," ते म्हणाले. "नोंद कशी ठेवावी हे दाखवायला याच वहीची पानं नेतो. कोबाल्टच्या खोलीत स्वतःचा बिल्ला विसरलात, तर तुम्ही स्वतःवर लाल शेरा मारलात. तो माणूस खोटी नोंद करेल?"

"त्याच माणसानं केलीय, साहेब."

"अर्जदार तुमची सख्खी बहीण ना?"

"हो."

"लहानाची मोठी तुम्हीच केलीत, असं ऐकलं."

"हो. म्हणून तर—"

"आम्ही समजू शकतो," तज्ज्ञ म्हणाले. आवाजात खरोखर माया होती. "कुणाही भावाला असंच वाटेल."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. "साहेब, मी आज खोटं बोलत नाहीये. तेव्हा बोललो होतो." पण प्रशासकांनी वही मिटली होती. वरिष्ठ डॉक्टर घड्याळ बघत होते.

बारा दिवसांनी पत्र आलं. धाकटी खिडकीशी बसली होती. "दादा, तूच वाच," ती म्हणाली. मास्तरांनी पाकीट सुरीनं फोडलं आणि उभ्यानं वाचलं, एकही शब्द न गाळता. 'संस्थेतील किरणमात्रेच्या नोंदी निर्दोष व सर्वस्वी विश्वसनीय असल्याचे आढळले. अर्जदाराच्या नेत्रविकाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. नोंदपालांचे निवेदन कौटुंबिक भावनेच्या भरात केलेले असल्याने ते विचारात घेतलेले नाही. त्यांची प्रदीर्घ व प्रामाणिक सेवा पाहता त्यांच्यावर कारवाई प्रस्तावित नाही.'

"प्रामाणिक सेवा पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

धाकटी हसली. कोरडंच हसली. "आयुष्यभर खरं लिहून पत कमावलीस, दादा, आणि सगळी एका खोट्यावर उधळलीस."

मास्तर खुर्चीवर बसले. वहिनीनं चहा आणून ठेवला तो निवला. धाकटी म्हणाली, "त्या नव्या मुलीचा आकडा काय आला रे?"

"शून्य."

"मला वर घेऊन चल."

"कशाला?"

"तिला दाखवते."

पुढची बिल्ले बदलायची फेरी पंधरा दिवसांवर होती. ती मास्तरांची शेवटची. त्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी ते ट्रे घेऊन निघाले, आणि धाकटी त्यांच्या कोपराला धरून. ओळखीच्या आवाजांना ती मान डोलवत होती. चौथ्या मजल्यावर कॅथलॅबच्या दाराशेजारी फलक होता. समितीच्या पत्रातलं पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात टाइप करून त्यावर लावलं होतं, खाली 'कर्मचाऱ्यांच्या माहितीसाठी'. मास्तरांनी ते बघितलं आणि धाकटीला वाचून दाखवलं. तिला काही गाळून सांगायचं नाही, असं त्यांनी आता ठरवलंच होतं.

नवी मुलगी एप्रन चढवत होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हात चपळ. आत रोगी टेबलावर घेतला होता.

"ताई, बसा ना," ती म्हणाली.

"बसायला आले नाही. माझ्या तोंडाकडे बघ. बघितलंस? तू उभी राहतेस ना, तिथेच मी उभी होते. डॉक्टरांच्या डाव्या खांद्याशी."

मुलीनं बघितलं आणि लगेच नजर वळवली. "वाईट झालं हो ताई. पण खोलीत दोष नाही म्हणालेत ना? बाहेर लावलंय. मास्तरांच्याच वहीवरून ठरलंय."

"वही खोटी आहे," मास्तर म्हणाले.

ती अवघडून हसली. आजाऱ्याच्या नातेवाइकासमोर हसतात, तशी.

"त्या कोपऱ्यातल्या काचेचा दांडा दुरुस्त करून माग," धाकटी म्हणाली. "तुला नाही म्हणाले तर रोज माग. आणि बिल्ला गळ्याशी लाव. आकडा येऊ दे. आकडा आल्याशिवाय काच येणार नाही."

"लावते, ताई."

"आता लाव. मला ऐकू दे."

मास्तरांनी नवा बिल्ला तिच्या हातात ठेवला. आतून मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली. मुलगी म्हणाली, "लावला हं, ताई." बिल्ला तिच्या मुठीतच होता. धाकटीनं समाधानानं मान हलवली आणि भावाचा कोपर चाचपडू लागली.

"लावलेला नाही," मास्तर म्हणाले.

मुलीचा चेहरा लाल झाला. "मास्तर, रोगी टेबलावर आहे. मला जाऊ द्या."

मास्तर दारात उभे राहिले. ट्रे त्यांनी छातीशी आडवा धरला होता. आतून दुसऱ्यांदा हाक आली, मग तिसऱ्यांदा, शिवीसकट. मास्तर हलले नाहीत. शेवटी तिनं दात आवळून बिल्ला एप्रनच्या गळ्याशी अडकवला, तेव्हा ते बाजूला झाले आणि ती आत गेली. दार लागलं.

"किती दिवस लावील?" धाकटीनं विचारलं.

"आजचा दिवस," मास्तर म्हणाले, आणि जुना बिल्ला घ्यायला टेबलाच्या खणाकडे वळले.